अठ्ठावीस नंबर

"चेहरा धुऊन ये," त्या मॅडम म्हणाल्या. "सगळा."

पहाटे साडेचारला उठून मी तो चेहरा तयार केला होता. फाउंडेशन, काजळ, शेजारच्या स्मितावहिनींची लिपस्टिक. आणि ते सगळं फलटण ते स्वारगेट तीन तास एसटीच्या खिडकीत वाऱ्यापासून जपत आणलं होतं. मी आत्याकडे बघितलं. आत्याने पर्समधून रुमाल काढून दिला.

याला दोन वर्षं झाली. आता मी दहावीत आहे आणि मला गप्प कसं करायचं हा म्हणे शिक्षकांच्या खोलीत चर्चेचा विषय आहे. तेव्हा मी आठवीत होते आणि मला मॉडेल व्हायचं होतं. मैत्रिणी म्हणायच्या, शलाका, तू फोटोत वेगळीच दिसतेस. वेगळी म्हणजे चांगली, असं मी आपलं धरून चालले होते.

घरी जेवताना, टीव्ही बघताना, आई भाजी निवडताना, माझा हा एकच विषय. शेवटी बाबा वैतागले. बाबा फलटण डेपोत वाहतूक नियंत्रक आहेत. जगातल्या प्रत्येक गोष्टीला एक सुटायची आणि एक पोचायची वेळ असते, असा त्यांचा पक्का समज आहे.

"एक दिवस देतो," ते म्हणाले. "सकाळी पाच चाळीसच्या गाडीने जायचं, संध्याकाळी पाच पन्नासने परत निघायचं. मधल्या वेळात एखाद्या एजन्सीने तुला काम दिलं तर पुढचं बघू. नाही दिलं, तर दहावीचा निकाल लागेपर्यंत हा विषय या घरात निघणार नाही."

"आणि नुसतं नाव नोंदवून घेतलं तर?"

"नाव काय, वेटिंग लिस्टमध्येही असतं. मला काम ठरलेलं पाहिजे."

"कबूल," मी म्हटलं. बाबांनी मला कंडक्टर घाडगेकाकांच्या ताब्यात दिलं आणि स्वारगेटला तनुजाआत्याने उतरवून घेतलं.

तनुजाआत्या बाबांची धाकटी बहीण. पुण्यातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते. तिने त्या दिवसाची रजा टाकली होती आणि तीन एजन्सींच्या वेळा घेऊन ठेवल्या होत्या. "तिघांची कामाची तऱ्हा वेगळी आहे," ती रिक्षात म्हणाली. "आधी पैसे भरा, मग फोटो काढू म्हणणाऱ्या सगळ्या मी गाळल्या. बाकी तुझं नशीब."

तर ही पहिली. कोरेगाव पार्कात, काचेचं दार, आत इतकी शांतता की माझ्या सँडलचा आवाज मलाच ऐकू येत होता. मी चेहरा धुऊन आले. सोनाली मॅडमनी मला खिडकीपाशी उभं केलं आणि चार फोटो काढले. समोरून, दोन बाजूंनी, पाठमोरा.

"हसू नकोस."

"हसत नाहीये मॅडम. दात थोडे पुढे आहेत, त्यामुळे तसं वाटतं."

आत्या खोकली. मॅडमनी मला भिंतीवरच्या पट्टीला टेकवलं आणि आकडा बघितला. मग त्या आमच्यासमोर बसल्या. खोटं कशाला बोलू, त्यांनी मला मोठ्या माणसासारखं सगळं नीट समजावून सांगितलं.

"आमचं काम रोपवाटिकेसारखं आहे. मुलगी लहान असताना हेरायची, तिला उभं राहायला, चालायला शिकवायचं, आणि तयार झाली की मुंबईच्या मोठ्या एजन्सीकडे पाठवायचं. तिकडे तिला काम लागलं की त्यात आमचा वाटा. त्यामुळे घेतानाच आम्हाला फार पारखून घ्यावं लागतं. रॅम्पला पाच फूट आठ इंच लागतात. तू पाच तीन आहेस. आणि सोळाच्या आतली मुलगी आम्ही रॅम्पवर पाठवतही नाही."

"मी वाढेन की मॅडम."

"वडील किती उंच आहेत?"

"पाच सहा."

"आणि आई?"

मी माझ्या कानाजवळ हात धरून दाखवला. मॅडमनी कॅमेऱ्याला झाकण लावलं.

बाहेरच्या बाकावर एक मुलगी बसून डब्यातली काकडी खात होती. मिताली तिचं नाव. बसलेली असूनही ती उभ्या आत्याच्या खांद्याला येत होती, यावरून काय ते समजा. आत्या रिक्षा बघायला खाली गेली, तेवढ्यात तिने मला विचारलं, "नाही म्हणाल्या?"

"वाढून ये म्हणाल्या."

"आता कुठे?"

"कोथरूड. मग हडपसरला कुठलीशी मापाची एजन्सी आहे. त्यांना सव्वीस इंच कमरेची मुलगी हवी आहे, आजच."

"तुझी किती?"

"माहीत नाही. आत्याने फोनवर सांगितलं, असेल साधारण तेवढीच."

मितालीने मला एकदा वरून खाली बघितलं आणि काकडीचा तुकडा पुढे केला. "ऐक. माप घेताना पोट आत ओढायचं, श्वास अर्धाच सोडायचा आणि तसंच राहायचं. दीड इंच आरामात जातो. सगळ्या करतात."

मला वाटलं, चला, पुण्याला येऊन निदान एक तरी गुपित हाती लागलं.

कोथरूडची एजन्सी म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट. वागळे नावाचे गृहस्थ बनियनवर शर्ट चढवत दार उघडायला आले. त्यांच्या कॉम्प्युटरवर माणसांचे कप्पे होते. 'आई, तरुण'. 'आई, प्रेमळ'. 'डॉक्टर, विश्वासू'. 'आजोबा, चष्मा'. 'डबा खाणारी मुलगी'.

"सोपं असतं हो," वागळेकाका म्हणाले. "कुणी साबण विकतं, कुणी मसाला. ते सांगतात, असा असा चेहरा पाठवा. आम्ही कप्पा उघडतो आणि दहा चेहरे पाठवतो. त्यातला एक ते निवडतात. सुंदर नको असतं त्यांना, शेजारच्या घरातलं वाटलं पाहिजे. उंचीबिंचीचं आमच्याकडे काही नाही. जरा हस बघू."

मी हसले. इथे दातांचं कुणाला काही नव्हतं.

"छान. डबा खाणारी मुलगी." त्यांनी फोटो काढला, नाव टाकलं, बाबांचा फोन नंबर घेतला. "पालकांचं संमतिपत्र पाठवून द्या, म्हणजे झालं."

"काम कधी मिळेल?" मी विचारलं.

"उद्या मिळेल. नाहीतर दोन वर्षांनी. डबा खाणाऱ्या आमच्याकडे दोनशे सात आहेत." मग ते आत्याकडे वळले. "तुम्ही कधी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिला आहात का? नाही, एका प्रेशर कुकरला करारी सासू हवी आहे. पुढच्याच आठवड्यात."

आत्या तरातरा जिना उतरली. खाली आल्यावर म्हणाली, "छत्तीस वर्षांची आहे मी. हे तुझ्या बाबाला सांगितलंस तर बघ."

"पण काम तुला मिळालं ना," मी म्हटलं. मग मात्र मी बोटांवर मोजलं. दोन झाल्या होत्या. वेटिंग लिस्ट तेवढी हातात होती, आणि बाबांनी ती आधीच बाद केली होती. हडपसरला नाही जमलं, तर दोन वर्षं हा विषय बंद. बाबा बोलले की बोलले. एकदा त्यांनी गाडी सोडली म्हणजे पळत येणाऱ्यासाठी थांबवत नाहीत, मग तो सख्खा साडू का असेना.

हडपसरची एजन्सी एका मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. एका भिंतीला कापडाचे तागे, मधे लांबलचक टेबल, आणि एका कोपऱ्यात चक्क शाळेतला बाक. एजन्सी चालवणाऱ्या गौरी शिरोळे चाळिशीच्या, केस वर बांधलेले, गळ्यात टेप. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे धड बघितलंसुद्धा नाही.

"आमच्या मुलींचे फोटो कुठेच छापून येत नाहीत," त्यांनी आधीच सांगून टाकलं. "कपडे शिवणाऱ्या कंपन्या नवीन नमुना शिवतात, तेव्हा तो खऱ्या अंगावर घालून बघावा लागतो. पुतळ्याला विचारता येत नाही, बाई गं, कुठे काचतंय. म्हणून आमच्याकडे प्रत्येक नंबरची माणसं असतात. लहान मुलं, बायका, ढेरीवाले काका, सगळे. महिन्यातून सुट्टीचे दोन दिवस यायचं, सहा महिन्यांचं काम. चालेल?"

फोटो नाही म्हटल्यावर माझं मन जरा खट्टू झालं. पण काम म्हणजे काम. मी मान डोलावली.

"ये मग, माप घेऊ."

मी पोट आत ओढलं. श्वास अर्धा सोडला. टेप कमरेभोवती फिरली.

"सव्वीस," गौरीताई म्हणाल्या. "बरोब्बर."

मला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. पण नाचायला श्वास लागतो.

टेबलाशी दोघं उभे होते. सोलापूरहून गणवेश शिवणाऱ्या कंपनीचे आलेले. एक कुलथे साहेब, मॅनेजर, हातात सारखा फोन. दुसरे नरसय्या मास्तर. साठी उलटलेले, पांढरा शर्ट, कानामागे पेन्सिल. कंपनीतले सगळे नमुने तेच कापतात. त्यांनी निळा स्कर्ट माझ्या हातात दिला. "अकरा हजार मुलींचा आहे हा, बाळा," ते म्हणाले. "आज तू हो म्हणलीस की उद्या कापड कापायला घेणार."

मी पडद्यामागे जाऊन स्कर्ट घातला. हुक लागला, अर्थात मी ज्या स्थितीत होते त्या स्थितीत लागला. बाहेर येऊन उभी राहिले.

"उभ्याने चांगला बसलाय," मास्तर म्हणाले. "आता बाकावर बस. वर्गात बसतेस तशी."

मी बसले. पट्टा असा काही रुतला की डोळ्यांसमोर दोन काजवे येऊन गेले.

"कुठं ओढतंय?"

"नाही. छान आहे."

"पोटाशी?"

"नाही मास्तर."

मास्तरांनी चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघितलं. "तू काही बोलतच नाहीस, बाळा. बोलायचं असतं. तेच तर काम आहे." हे मला सांगत होते. फलटणच्या शाळेत माझ्या बोलण्यापायी वर्गात तीनदा माझी जागा बदलली होती. पण अर्ध्या श्वासात दोन शब्दांच्या वर काही निघतच नव्हतं.

"बरं, आता खाली वाकून दप्तर उचल."

मी वाकले. हुक तटकन उडाला आणि फरशीवरून घरंगळत कुलथे साहेबांच्या बुटाशी जाऊन थांबला.

 कुलथे साहेबांनी हुक उचलून टेबलावर ठेवला. "मास्तर," ते म्हणाले, "हे काय?"

मास्तरांनी स्कर्ट मागून घेतला. मी माझ्या पँटवर परत आले तोवर त्यांनी तो टेबलावर पसरून टेप लावली होती. एकदा, दोनदा. मग टेपच लाकडी पट्टीला लावून बघितली. "सव्विसाच्या मुलीला जेवढा लागतो तेवढाच आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "तीस वर्षं हेच कापतोय."

"तीस वर्षं झाली, म्हणून तर विचारतोय," कुलथे साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण शब्द चांगले नव्हते. "मागच्या महिन्यातच मी मालकांना सांगितलं होतं, आता नजर तपासून घेऊ. कॉम्प्युटरवर नमुने काढणारा मुलगा तयार आहे."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मुलगी सव्वीसची आहे आणि तिला बसता येत नाही, म्हणजे माझंच चुकलं असणार. आजकालच्या मुलींची ठेवण बदलली असेल. असं करू, सगळ्याच नंबरांना दीड इंच सोडू. चोवीस, सव्वीस, अठ्ठावीस, तीस. सगळ्यांना."

"सगळ्यांना?"

"एकाला काचलं म्हणजे सगळ्यांना काचणार."

कुलथे साहेबांनी फोन कानाला लावला. "हां, कटिंगवाल्यांना फोन द्या जरा," ते म्हणाले.

मी गणितात काही फार हुशार नाही. पण हे गणित माझ्या समोर चालत येत होतं. अकरा हजार मुली, आणि प्रत्येकीचा स्कर्ट दीड इंच सैल. अकरा हजार मुली एका हाताने स्कर्ट धरून प्रार्थनेला उभ्या. घरोघरी आया सेफ्टी पिना शोधतायत. आणि सोलापुरात कुणीतरी म्हणतंय, नरसय्या मास्तरांची नजर गेली. दुसऱ्या बाजूला मी. सव्वीस म्हणून घेतलेली, काम ठरत आलेली. गप्प बसले तर संध्याकाळी पाच पन्नासच्या गाडीत पाय पसरून बसणार होते.

मी आत्याकडे बघितलं. आत्या माझ्या पोटाकडे बघत होती.

"सव्वीस नाहीये," मी म्हटलं.

कुलथे साहेबांनी फोनवर हात ठेवला. "काय म्हणालीस?"

"मी सव्वीस नाहीये. माप घेताना मी पोट आत ओढलं होतं." आणि मी श्वास सोडला. सगळा. इतका मोठा आवाज झाला की मलाच लाज वाटली. "मास्तरांचा स्कर्ट बरोबर आहे. मी चुकीची आहे."

गौरीताईंनी कमरेवर हात ठेवले. "किती वेळ धरून होतीस?"

"आल्यापासून."

"आल्यापासून," आत्या म्हणाली. "मी रोज साठ जणांना श्वास रोखा म्हणते. पण मी पाच सेकंदांनी सोडते."

कुलथे साहेब फोनवर म्हणाले, "नंतर करतो," आणि त्यांनी फोन खिशात टाकला. मास्तरांकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. मास्तरांनी स्कर्टची घडी घातली, त्यावरून एकदा हात फिरवला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. रागावलेत की काय ते मला कळेना.

"ये इकडे," गौरीताई म्हणाल्या. टेप पुन्हा फिरली. या वेळी मी मुद्दाम छताकडे बघत राहिले. "साडेसत्तावीस. म्हणजे अठ्ठावीस नंबर."

"सॉरी," मी म्हटलं. "आम्ही निघतो." आत्याने पर्स खांद्याला लावलीसुद्धा.

गौरीताई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी टेबलावरची जाडजूड फाइल ओढली आणि अंगठ्याने पानं उलटली. "सव्वीसच्या माझ्याकडे चौदा मुली आहेत," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीसची एक नाही. आणि शाळांमध्ये सगळ्यात जास्त कुठला नंबर जातो, मास्तर?"

"अठ्ठावीस," मास्तर म्हणाले. "आठवी-नववीला निम्म्या मुली अठ्ठावीसच्या."

"तीन महिने शोधतेय मी. मला वाटायला लागलं होतं की पुण्यात अठ्ठावीसच्या मुलीच नाहीत." त्यांनी फाइल मिटली. "आता कळलं त्या कुठे गेल्या. त्या चौदांत बसल्या आहेत." मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. "पण एक सांगून ठेवते. पुन्हा असं केलंस तर त्या दिवसापासून यायचं नाही. आणि सहा महिन्यांत वाढलीस, तिसावर गेलीस, तर तसं सांगायचं. तिसाचंही काम असतं आमच्याकडे. वाढू नको असं आम्ही कुणाला म्हणत नाही."

  आत्यानेच फोन लावून माझ्या हातात दिला.

"ठरलं," मी बाबांना म्हटलं.

"काय ठरलं? नीट सांग. लेखी आहे का?"

"लेखी आहे. तुमची सही लागणार आहे. सहा महिने, महिन्यातून दोन रविवार."

पलीकडे डेपोतला भोंगा वाजत होता. बाबांनी आधी एक गाडी सोडली. मग म्हणाले, "फोटो कुठे लागणार आहे तुझा?"

"कुठेच नाही. मी अठ्ठावीस नंबर आहे, बाबा. अठ्ठावीस नंबरच्या सगळ्या मुलींच्या वतीने स्कर्ट घालून बघायचा आणि सांगायचं."

"काय सांगायचं?"

"कुठे काचतंय ते."

"हां," बाबा म्हणाले. "मग तुला जमेल."

हे ते कौतुकाने म्हणाले की कसं, हे मी अजून विचारलेलं नाही.

मास्तरांनी तोवर पिशवीतून अठ्ठाविसाचा नमुना काढला होता. मी पडद्याकडे धावले, तर त्यांनी हात आडवा केला. "आधी जेवून ये. कोपऱ्यावर चांगलं थालीपीठ मिळतं. पोटभर खा."

"जेवल्यावर माप बिघडेल की."

"मधल्या सुट्टीनंतरचे चार तास पोरी काय उपाशी बसतात का वर्गात?" मास्तर म्हणाले. "जेवलेल्या मुलीचंच माप मला पाहिजे."

मी दोन थालीपीठं खाल्ली, दह्यासकट. आत्याने अर्धं माझ्या ताटात सरकवलं, तेही खाल्लं. परत आलो तेव्हा तीन वाजले होते. गौरीताईंनी टेप लावली आणि आकडा वाचला. पूर्ण अठ्ठावीस. मास्तरांनी कानामागची पेन्सिल काढून कागदावर लिहिला आणि खाली एक रेघ ओढली.

स्कर्ट घालून मी बाकावर बसले. वाकले, दप्तर उचललं, खाली मांडी घातली, उठले, परत बसले. कुलथे साहेब हाताची घडी घालून टेबलाला टेकले होते.

"आता बोल," मास्तर म्हणाले. "कुठं काय वाटतंय?"

"पट्टा बरोबर आहे. पण हुक मधोमध आहे ना, तो बाकाच्या कडेला घासतो, डाव्या बाजूला घ्या. मागची चुणी बसल्यावर उलटी दुमडते, म्हणजे उठलं की तशीच राहते आणि मागच्या बाकावरच्या मुली हसतात. लांबी गुडघ्याच्या बरोबर वर येते, सायकलवर उडणार. आणि खिसा. एक तरी खिसा पाहिजेच, मास्तर. आम्ही रुमाल मोज्यात ठेवतो, माहीत आहे का तुम्हाला? बसचा पाससुद्धा मोज्यात. आणि खिसा उजवीकडेच हवा, आणि असा उथळ नको, मूठ आत गेली पाहिजे, कारण..."

कुलथे साहेबांनी आधी पेन काढलं. मग गौरीताईंकडे वही मागितली.